फौजेच्या खर्चापोटी दिलेला मुलूख : वऱ्हाड आणि ब्रिटिशांचे पहिले महायुद्ध

एखादा प्रांत दूरदेशीच्या युद्धात सामील होता असे केव्हा म्हणावे? रूढ उत्तर सोपे आहे. तिथून किती माणसे भरती झाली ते मोजावे. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाचा हिशेब बहुतेक वेळा असाच मांडला जातो. हिंदुस्थानातून लढाऊ आणि बिनलढाऊ मिळून १३ लाखांच्या आसपास माणसे त्या युद्धाच्या कामी लागली, सुमारे ७४,००० परतली नाहीत. लढाऊ भरतीचा जवळपास निम्मा वाटा एकट्या पंजाबचा. आपल्याकडे रत्नागिरी, सातारा ही भरतीची जुनी ठिकाणे. तिथली पोरे मराठा पलटणींतून मेसोपोटेमियात गेली. त्यांपैकी १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या पलटणी कुट-अल-अमाराच्या वेढ्यात सापडल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेल्या. या यादीत अमरावती, अकोला शोधू गेले तर फारसे काही हाती लागत नाही. म्हणून वऱ्हाडाला त्या युद्धाची झळ तेवढी लागली, सहभाग असा नव्हताच, असा समज रूढ आहे. हा समज चुकीचा आहे, आणि तो मोजमापाच्या चुकीतून आला आहे, असे माझे म्हणणे आहे.

फौज उभी राहते ती माणसांवर, पगारावर, दाण्यागोट्यावर, बंदुका-बैलांवर आणि तिला कुठेही धाडण्याच्या अधिकारावर. स्वतंत्र राष्ट्रात या सगळ्या गोष्टी एकाच ठिकाणाहून येतात. वसाहतीच्या फौजेत तसे नसते. माणूस एका मुलखातला, पैसा दुसऱ्या मुलखातला आणि हुकूम तिसऱ्याच देशातला, अशी ती जुळणी असते. त्या जुळणीत वऱ्हाडाची जागा पैशाची होती. आणि ही जागा १९१४ साली ठरलेली नव्हती, त्याच्या साठ वर्षे आधी एका करारात ती लिहून झाली होती.

१८५३ चा करार

हैदराबादचा निजाम आणि कंपनी सरकार यांच्यात १८०० साली जो तह झाला त्यात एक कलम होते. युद्ध पडले तर निजामाने ६,००० पायदळ आणि ९,००० घोडदळ इंग्रजांच्या मदतीला द्यावे. कलम युद्धकाळापुरते होते. पुढे हेन्री रसेल हैदराबादला रेसिडेंट असताना निजामाच्या पैशातून, पण इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली, कवायती पलटणी उभ्या राहिल्या. ‘रसेल ब्रिगेड’ हे त्यांचे पहिले रूप आणि ‘हैदराबाद कंटिंजंट’ हे पुढचे. युद्ध पडले तरच द्यायची मदत शांततेतही बारमाही खर्चाची झाली. तहातली तैनाती फौज वेगळी आणि ही कंटिंजंट वेगळी, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तैनाती फौजेपोटी निजामाने आधीच मुलूख तोडून दिला होता. कंटिंजंटचा पगार त्याच्या खजिन्यातून जाई, खजिना रिकामा असला की सावकाराकडून जाई, आणि सावकार थकला की कंपनी सरकार उसने देई.

या उसनवारीचे ओझे चाळीस लाख रुपयांच्या वर गेले तेव्हा गव्हर्नर जनरल डलहौसीने वसुलीचा मार्ग काढला. २१ मे १८५३ च्या कराराने वऱ्हाड, रायचूर दुआब आणि धाराशिवकडचा मुलूख, मिळून साधारण ५० लाखांच्या उत्पन्नाचा प्रदेश, इंग्रजांच्या ताब्यात आला. रेसिडेंट कर्नल लो यांनी ही वाटाघाट पार पाडली. मुलूख निजामाचाच राहणार होता, कारभार इंग्रजांचा. त्या उत्पन्नातून किमान ५,००० पायदळ, २,००० घोडदळ आणि ४ तोफखाने पोसायचे, आणि उरेल ते निजामाला द्यायचे. १८६० मध्ये रायचूर आणि धाराशिव परत गेले, जुने कर्ज माफ झाले. वऱ्हाड मात्र राहिले.

ही गोष्ट इथे जरा थांबून पाहण्याजोगी आहे. कर्ज फिटले, तारण सुटले नाही. व्यवहाराच्या कोणत्याही रीतीत कर्ज माफ झाल्यावर गहाणखत फाडले जाते. इथे तसे झाले नाही, कारण इंग्रजांना वसुली हवीच नव्हती. त्यांना फौजेला कायमचे उत्पन्न हवे होते, आणि काळ्या जमिनीचा, कापसाचा हा मुलूख त्यासाठी हिंदुस्थानातल्या उत्तम मुलखांपैकी एक होता. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी १८७० नंतरच्या दशकात वऱ्हाड परत मिळावे म्हणून जंग जंग पछाडले, १८७६ मध्ये ते इंग्लंडलाही जाऊन आले. कंटिंजंटच्या खर्चाएवढे व्याज येईल इतकी रक्कम ठेव म्हणून ठेवू, मुलूख सोडा, असाही प्रस्ताव त्यांच्याकडून गेला होता. तो मान्य झाला नाही. ‘उरेल ते’ देण्याच्या कलमाचे पुढे काय झाले हेही पाहण्यासारखे आहे. कारभाराचा खर्च वाढत गेला की उरणारी रक्कम आपोआप घटते, आणि खर्च किती करायचा हे ठरवणारा तर कारभारीच.

पलटणीचे नाव, पलटणीतला शिपाई

कंटिंजंटच्या छावण्यांत जालना, हिंगोली, औरंगाबाद, बोलारम यांच्याबरोबर अचलपूरचीही छावणी होती, परतवाड्याला. अचलपूरचे नवाब सलाबतखान यांनी १७८८ मध्ये उभारलेल्या पलटणीपर्यंत आजच्या भारतीय सैन्यातली ४ कुमाऊँ ही पलटण आपला वंश नेऊन पोचवते. आपल्याकडे हे फार थोड्यांना माहीत आहे.

१९०२ मध्ये व्हाइसरॉय कर्झनने निजाम मीर महबूब अली खान यांच्याकडून वऱ्हाड वर्षाला २५ लाख रुपयांच्या ठराविक रकमेवर कायमच्या पट्ट्याने घेतले. ‘उरेल ते’ गेले, ठराविक खंड आला. त्याच करारात कंटिंजंट हवी तिथे नेण्याची आणि मोडून हिंदी सैन्यात मिळवण्याची मोकळीक इंग्रजांना मिळाली. १९०३ मध्ये सरसेनापती किचनेरच्या फेररचनेत तसे झाले. पायदळाच्या पलटणींना ९४ ते ९९ हे क्रमांक पडले आणि त्यांतली ९६ वी ‘बेरार इन्फन्ट्री’ म्हणून नोंदली गेली. घोडदळातून २० वी डेक्कन हॉर्स आणि तिच्या भावंड पलटणी निघाल्या. ज्या निजामी मुलखाच्या बंदोबस्तासाठी हे सैन्य असल्याचे पन्नास वर्षे सांगितले गेले, त्या मुलखाशी त्याचे असलेले नाते एका सहीने संपले.

या बेरार इन्फन्ट्रीत वऱ्हाडी माणूस कितीसा होता? कंटिंजंटच्या पलटणींत प्रामुख्याने उत्तरेकडचे राजपूत, जाट, अहीर आणि दख्खनी मुसलमान घेतले जात. ‘लढवय्या जातीं’ची जी कल्पना इंग्रज सेनाधिकाऱ्यांनी त्या काळात रुजवली होती, तिच्यात वऱ्हाडातला कुणबी शेतकऱ्याच्या रकान्यात पडला. महारांना तर १८९० नंतरच्या दशकात सैन्याची दारेच बंद झाली. १९१७ मध्ये माणसांची टंचाई पडल्यावर १११ वी महार पलटण उभी केली आणि युद्ध आटोपल्यावर काही वर्षांतच मोडली. तेव्हा भरतीच्या यादीत वऱ्हाड दिसत नाही याला वऱ्हाडी माणसाची अनिच्छा कारण नाही. ज्यांनी यादी केली त्यांनी या प्रांताला पैसा देणारा प्रांत ठरवले होते.

टांगा

या सैन्याचा परदेशी वापर १९१४ पूर्वीच सुरू झाला होता. कंटिंजंटच्या तुकड्या १८८६ च्या सुमारास ब्रह्मदेशात होत्या. महायुद्धात तिच्या वारसदार पलटणी तीन खंडांत लढल्या. त्यातली एक लढाई जवळून पाहू.

ऑक्टोबर १९१४ मध्ये मुंबईहून मेजर जनरल आर्थर एटकिन याच्या हाताखाली सुमारे ८,००० सैन्याचा ताफा जर्मन पूर्व आफ्रिकेकडे निघाला. कंटिंजंटच्या वंशातली ९८ वी इन्फन्ट्री त्यात होती. त्यातले बरेच शिपाई कधी जहाजात बसलेले नव्हते. गर्दीच्या जहाजांवर आठवडेच्या आठवडे काढून, ओकाऱ्यांनी गळून गेलेली माणसे २ नोव्हेंबरला टांगा बंदरासमोर आली. नौदलाच्या कप्तानाने आधी किनाऱ्यावर जाऊन जर्मनांना शरणागतीची मुदत दिली. हल्ला येणार हे शत्रूला असे रीतसर कळले आणि जर्मन सेनापती फॉन लेटो-फोरबेकला आगगाडीने आपली माणसे आणायला वेळ मिळाला. त्याच्याकडे जेमतेम १,००० सैनिक, त्यातले बहुतेक आफ्रिकी अस्करी. एटकिनने पुढची टेहळणी नीट करवली नाही, कारण जिंकण्याची त्याला खात्री होती.

४ तारखेला सैन्य रबराच्या मळ्यांतून, दाट झाडीतून पुढे सरकले. समोरचे दिसत नाही, शेजारची पलटण कुठे आहे ते कळत नाही. झाडांना मधमाश्यांची पोळी होती. गोळीबाराने ती उठली आणि माश्यांचे मोहोळ ९८ व्या इन्फन्ट्रीवर तुटून पडले. पलटणीची फळी विस्कटली. दुसऱ्या दिवशी सैन्य जहाजांवर परतले. किनाऱ्यावर मशीनगनी, शेकडो रायफली आणि लाखो काडतुसे तशीच राहिली, आणि जर्मनांनी त्यांवर पुढे बराच काळ भागवले. इंग्रजांकडची आठशेहून अधिक माणसे मेली, जखमी झाली किंवा हरवली.

मधमाश्यांची गोष्ट युद्धाच्या पुस्तकांत गमतीदार किस्सा म्हणून येते. मला ती तशी वाचवत नाही. जी पलटण दख्खनच्या बंदोबस्तासाठी म्हणून पोसली, जिला पन्नास वर्षे वऱ्हाडच्या शेतसाऱ्यातून पगार गेला, तिला समुद्र, जंगल आणि शत्रू यांपैकी कशाचीही ओळख न करून देता आफ्रिकेच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. मधमाश्या निमित्त होत्या. चूक वरच्या आखणीची होती.

बाकीच्या आघाड्यांबद्दल थोडक्यात. ९७ वी डेक्कन इन्फन्ट्री कुटचा वेढा उठवायला निघालेल्या फौजेत होती. त्या फौजेचे सुमारे २३,००० लोक कामी आले किंवा जायबंदी झाले, आणि वेढा उठला नाही. २० वी डेक्कन हॉर्स फ्रान्समध्ये होती. १४ जुलै १९१६ च्या संध्याकाळी सोमच्या रणात हाय वुडजवळ तिने भाले सरसावून मशीनगनींच्या तोंडावर चाल केली.

एक आक्षेप

इथे चोखंदळ वाचक आक्षेप घेईल, आणि तो रास्त आहे. १९०३ नंतर या पलटणींचा पगार हिंदुस्थान सरकारच्या सर्वसाधारण खजिन्यातून जात होता. मग टांग्याच्या किनाऱ्यावरचा शिपाई वऱ्हाडच्या पैशाने लढत होता असे कसे म्हणता येईल?

हिशेबाच्या वहीपुरते पाहिले तर तसे म्हणता येत नाही. पण दोन गोष्टी शिल्लक राहतात. पलटण म्हणजे चालू महिन्याचा पगार एवढेच नसते. तिच्या छावण्या, तिचे शस्त्रागार, तिचे सुभेदार-जमादार, तिची कवायत, तिची परंपरा हे सगळे ज्या अर्धशतकात घडले त्याचा खर्च वऱ्हाडाने केला होता. इंग्रजांना १९०३ मध्ये तयार सैन्य मिळाले, ते उभारण्याची तोशीस त्यांना पडली नाही. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. जिच्या खर्चासाठी मुलूख घेतला होता ती कंटिंजंट नाहीशी झाली, सबब संपली, तरी मुलूख सुटला नाही. वऱ्हाडचा सगळा महसूल साम्राज्याच्या खर्चाला मोकळा झाला.

त्यातच कायद्याची एक विलक्षण बाजू आहे. मध्य प्रांताला जोडलेले वऱ्हाड कायद्याने ब्रिटिश हिंदुस्थानात नव्हते. ते निजामाचे राज्य होते, पट्ट्याने घेतलेले. कायदे लागू करायचे तर परक्या मुलखावरच्या अधिकाराचा आधार घेऊन वेगळे हुकूम काढावे लागत. १९१९ च्या सुधारणांनंतरही वऱ्हाडच्या मतदारांनी निवडून दिलेला माणूस कायदेमंडळात बसायचा तो ‘सरकारनियुक्त’ म्हणून. ४ ऑगस्ट १९१४ रोजी इंग्लंडने युद्ध पुकारले तेव्हा हिंदुस्थानाला कोणी विचारले नाही. वऱ्हाडची स्थिती त्याहून एक पायरी खाली होती. ज्या राजाच्या नावाने युद्ध पुकारले, त्याची प्रजा म्हणूनही वऱ्हाडी माणसाची कायद्यात धड नोंद नव्हती.

कापूस, कापड आणि कागदी रुपया

युद्ध वऱ्हाडात पोचले ते कापूस बाजारात. आखूड धाग्याचा वऱ्हाडी कापूस लँकेशायरच्या गिरण्या फारशा घेत नसत. त्याचे गिऱ्हाईक जपान, जर्मनी, बेल्जियम, ऑस्ट्रिया, इटली. लढाई जुंपली आणि या गिऱ्हाइकांपैकी काही शत्रू झाले, काहींचा देश शत्रूच्या टाचेखाली गेला, आणि जहाजे सैन्य वाहण्यात गुंतली. १९१४ च्या हंगामात अकोला, खामगाव, अमरावतीच्या बाजारात गाड्या भरून उभ्या राहिल्या तेव्हा भाव कोसळलेला होता. सावकाराचा हप्ता, शेतसारा आणि पुढच्या पेरणीची बेगमी, तिन्ही कापसावर. युद्ध ज्यावरून पेटले त्या ऑस्ट्रियाच्या आर्चड्यूकच्या खुनाशी मूर्तिजापूरच्या शेतकऱ्याचा संबंध काय, हा प्रश्न त्याला त्या कार्तिकात नीट कळला असेल.

पुढे चित्र पालटले. मुंबईच्या गिरण्यांना खाकी कापड आणि तंबूंची मागणी आली, जपानची खरेदी वाढली, आणि १९१७-१८ मध्ये कापूस तेजीत गेला. म्हणून युद्ध वऱ्हाडाला मानवले असे कोणी म्हणते. तेजी कोणाच्या घरात गेली ते पाहिले पाहिजे. जिन-प्रेसचे मालक, अडते, मोठे खातेदार यांच्याकडे पैसा आला. वेचणीला जाणाऱ्या बाईला ज्वारी आणि लुगडे विकत घ्यायचे होते, आणि दोन्ही तिच्या मजुरीपेक्षा वेगाने महाग झाले. कापडाच्या दराची ओरड इतकी वाढली की १९१८ मध्ये सरकारला नियंत्रणाचा कायदा करून स्वस्त कापड काढावे लागले. आपल्या शेतातून गेलेला कापूस धोतर होऊन परत आला की विकत घेणे परवडेना.

मार्च १९१७ मध्ये हिंदुस्थान सरकारने ब्रिटनला १० कोटी पौंडांची, म्हणजे १५० कोटी रुपयांची, देणगी जाहीर केली. ती सरकारच्या वर्षभराच्या महसुलाच्या तोडीची होती आणि कर्ज व कर यांतून उभी राहणार होती. मेसोपोटेमियातल्या खर्चासाठी आणि इथल्या धान्य-कापसाच्या खरेदीसाठी इतका चांदीचा रुपया लागला की टांकसाळीला चांदी पुरेना. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी एक रुपयाची कागदी नोट निघाली, पाठोपाठ अडीच रुपयांची. कापूस बाजारात शेतकरी रुपया दगडावर आपटून खणखणीत आहे का ते पाहून घेई. त्याच्या हातात राजाचे चित्र असलेला कागद आला. शेवटी १९१८ मध्ये अमेरिकेने आपल्या तिजोरीतले चांदीचे डॉलर वितळवून हिंदुस्थानाला चांदी विकली, तेव्हा कुठे नोटांवरचा ताण सैल झाला.

त्याच वर्षी पावसाने दगा दिला आणि मुंबईच्या बंदरातून शिरलेला इन्फ्लुएंझा आगगाडीच्या वाटेने आत आला. मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वाधिक मृत्यू झालेल्या भागांपैकी एक होता. १९२१ च्या जनगणनेत दहा वर्षांत वऱ्हाडची लोकसंख्या जवळजवळ वाढलीच नव्हती. रणांगणावर न गेलेल्या प्रांताचा हा आकडा आहे.

संमतीचा प्रश्न

पैसा आणि माल घेता येतो, संमती मागावी लागते. १९१७ पर्यंत साम्राज्याला ती मागण्याची गरज भासू लागली. मेसोपोटेमियातल्या अनास्थेची, विशेषतः जखमींच्या हालांची, चौकशी झाली आणि भारतमंत्री चेंबरलेन यांना पद सोडावे लागले. त्यांच्या जागी आलेल्या माँटेग्यूंनी २० ऑगस्ट १९१७ रोजी जबाबदार राज्यपद्धतीची घोषणा केली. कुटच्या वाटेवरचा चिखल आणि ती घोषणा यांच्यात सरळ दुवा आहे.

अमरावतीत या प्रश्नावर दोन मते होती आणि दोन्हींना मोठी माणसे होती. रघुनाथ नरसिंह मुधोळकर, १९१२ च्या बांकीपूर काँग्रेसचे अध्यक्ष, हे नेमस्त. साम्राज्याच्या संकटात निष्ठेने उभे राहिलो तर त्याचे फळ मिळेल, अशी नेमस्तांची धारणा. दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवाभावाचे सहकारी, यांची भूमिका निराळी होती. मदत करू, पण हक्क आधी लिहून द्या. १९१६ मध्ये टिळकांनी होमरूल लीग काढली तेव्हा मध्य प्रांत-वऱ्हाड तिच्या कार्यक्षेत्रात होते, आणि इथल्या कामाचा मोठा भार खापर्ड्यांवर होता.

एप्रिल १९१८ मध्ये व्हाइसरॉय चेम्सफर्डने दिल्लीत युद्ध परिषद भरवली. टिळकांना बोलावणे नव्हते. गांधीजी गेले आणि भरतीला त्यांनी पाठिंबा दिला. खापर्ड्यांनी जबाबदार राज्यपद्धतीचा ठराव मांडण्याचा प्रयत्न केला. व्हाइसरॉयने तो नियमाबाह्य ठरवला. परिषद माणसे आणि पैसा मागण्यासाठी होती, त्या बदल्यात काय मिळणार हे तिथे बोलायचे नव्हते. जूनमध्ये मुंबईच्या परिषदेत टिळकांनी तोच मुद्दा काढला, गव्हर्नर विलिंग्डनने अडवले आणि टिळक उठून बाहेर पडले.

खापर्ड्यांच्या या भूमिकेला सौदेबाजी म्हटले गेले. मला ती त्या काळातली सर्वांत स्वच्छ भूमिका वाटते. वऱ्हाडच्या माणसाला करारात काय लिहिले आहे आणि काय लिहिलेले नाही याची किंमत साठ वर्षांच्या अनुभवाने कळली होती. १८५३ च्या कलमातला ‘उरेल ते’ हा शब्द कसा विरत गेला हे त्याने पाहिले होते. निष्ठेचे फळ नंतर देऊ, हे आश्वासन त्याला पुरेसे वाटणे शक्यच नव्हते. आणि फळ काय आले? सप्टेंबर १९१८ मध्ये, युद्ध संपायच्या आधीच, युद्धकाळातले दडपशाहीचे अधिकार पुढेही चालू ठेवण्याची शिफारस करणारा रौलट समितीचा अहवाल कायदेमंडळासमोर आला. त्यावरचा विचार तहकूब ठेवावा असा ठराव खापर्ड्यांनी आणला. तो फेटाळला गेला.

निजामाची मागणी

निष्ठेचा हिशेब आणखी एका माणसाने मांडला. निजाम मीर उस्मान अली खान यांनी तुर्कस्तान शत्रुपक्षात गेल्यावर मुसलमानांना इंग्रजांच्या बाजूने राहण्याचे आवाहन केले होते. डेक्कन हॉर्स आणि आपल्या घोडदळाच्या खर्चासाठी ६० लाख रुपये दिले होते. १९१८ मध्ये त्यांना ‘ब्रिटिश सरकारचे विश्वासू दोस्त’ हा किताब मिळाला. १९२३ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय रीडिंगला पत्र लिहून वऱ्हाड परत मागितले. ते मागताना वऱ्हाडच्या लोकांना निजामाच्या छत्राखाली स्वायत्तता देण्याचीही तयारी दाखवली. ज्यांच्याबद्दल ही बोलणी चालली होती त्या लोकांना या वेळीही कोणी विचारले नव्हते.

२७ मार्च १९२६ च्या उत्तरात रीडिंगने मागणी नाकारली. वऱ्हाडवरच्या दाव्यापेक्षा त्या पत्रातले दुसरे विधान अधिक दूरगामी ठरले. हिंदुस्थानात ब्रिटिश सत्तेचे सार्वभौमत्व संस्थानिकांशी झालेल्या तहांवर अवलंबून नाही, ते त्यांच्यापासून स्वतंत्र आणि त्यांच्या वरचे आहे, असे त्यात स्पष्ट लिहिले होते. ज्या करारांच्या बळावर वऱ्हाड ७३ वर्षे इंग्रजांच्या ताब्यात राहिले, त्या करारांची आपल्याला गरजच नव्हती असे करार करणाऱ्यानेच लेखी कळवले. १९२६ मध्ये कंटिंजंट संपून २३ वर्षे झाली होती. तिची ९६ वी पलटण नव्या क्रमवारीत १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी पलटण झाली होती, आणि ‘बेरार’ हे नाव तिने पुढेही चालू ठेवले.